विकायला काढलेले घर जाईना, तेव्हा आधी उतारा पाहा



बेणे, खत, पाण्याची पाळी आणि तोडणीची तारीख हे आपले नेहमीचे विषय. आजचा विषय थोडा निराळा आहे, पण तो आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आहे. गावात वडिलार्जित धाब्याचे घर आहे, पण राहायला कुणी नाही. मुले नाशिक, पुणे, सुरतेकडे नोकरी-धंद्याला लागली. नाहीतर मुलांच्या शिक्षणासाठी धुळ्याला किंवा जळगावला घेतलेल्या घराला आता कुलूप आहे. इकडे पतसंस्थेचे कर्ज डोक्यावर आहे, मुलीचे लग्न तोंडावर आले आहे, विहीर खोल करायची आहे. म्हणून घर विकायला काढले. वर्ष गेले, दोन वर्षे गेली. गिऱ्हाईक येते, ओट्यावर बसते, चहा पिते, ‘कळवतो नाना’ म्हणते आणि जाते ते जातेच. घर काही जात नाही.

मग घरात बोलणी सुरू होतात. एक म्हणतो दलाल खोटा, दुसरा म्हणतो घराला दोष आहे, तिसरा म्हणतो यंदा मंदीच आहे. आणि शेवटी गरज अगदी गळ्याशी आली की वीस लाखांचे घर तेरा-चौदा लाखांत कुणीतरी टपून बसलेला घेऊन टाकतो. खरा तोटा इथे होतो. घर न विकले जाण्यापेक्षा, खूप दिवस न विकले जाऊन मग घाईत विकले जाणे हे जास्त नुकसानीचे. ते कसे टाळावे, आणि एकदा अडकलेले घर पुन्हा बाजारात कसे आणावे, याचा विचार या लेखात करू.

मोठ्यांचीही घरे अडकतात

आपलेच घर अडकले असे समजून खचू नये. मुंबईत विलेपार्ले येथे, विमानतळाजवळ, ‘किंगफिशर हाऊस’ नावाची इमारत होती. विजय मल्ल्या यांच्या बुडालेल्या विमान कंपनीचे ते मुख्य कार्यालय. कंपनीकडे बँकांचे हजारो कोटी थकले, तेव्हा स्टेट बँकेच्या पुढाकाराने बँकांनी ही इमारत लिलावास काढली. मार्च २०१६ मध्ये राखीव किंमत ठेवली १५० कोटी रुपये. एकही बोली आली नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये १३५ कोटी केले, कुणी आले नाही. डिसेंबर २०१६ मध्ये ११५ कोटी, मार्च २०१७ मध्ये १०३ कोटी ५० लाख. तरीही नाही. असे लिलावामागून लिलाव फुकट गेले आणि शेवटी २०२१ मध्ये ती इमारत ५२ कोटी २५ लाखांना गेली. म्हणजे पहिल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोडी जास्त रक्कम हाती आली, आणि तीही पाच वर्षांनी.

याच थकबाकीत गोव्यात कांदोळी येथे समुद्राकाठी एक बंगला होता, ‘किंगफिशर व्हिला’. तो ऑक्टोबर २०१६ मध्ये ८५ कोटी २९ लाखांना काढला, गेला नाही. डिसेंबरमध्ये ८१ कोटी, मार्च २०१७ मध्ये ७३ कोटी. तेव्हाही बोली आली नाही. पण पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०१७ मध्ये, बँकांनी वाटाघाटी करून तो अभिनेते-उद्योजक सचिन जोशी यांच्या कंपनीला ७३ कोटी १ लाखाला दिला.

मालक एकच, बँका त्याच, काळही तोच. मग एक घर सहा महिन्यांत गेले आणि दुसऱ्याला पाच वर्षे का लागली? आकडे पाहिले की काही गोष्टी ध्यानात येतात. गोव्याचा बंगला घेणाऱ्याला त्याचे काय करायचे ते डोळ्यांपुढे दिसत होते, आणि पहिल्या किमतीपासून साधारण चौदा-पंधरा टक्के खाली आल्यावर सौदा जमला. मुंबईची इमारत विमानतळाला लागून, तेव्हा नव्याने उंच बांधायला बंधन. घेणाऱ्याने १५० कोटी देऊन तिथे करायचे काय, हा प्रश्न होता. पहिली किंमतच बाजाराच्या फार वर होती. नंतर ती दर वेळी थोडी थोडी उतरवली. असे झाले की गिऱ्हाईक काय समजते? ‘आज १३५ आहे, थांबलो तर ११५ होईल; आणखी थांबू.’ पायरी पायरीने उतरणारा भाव गिऱ्हाइकाला बोलावत नाही, थांबायला शिकवतो. आपल्या गावच्या घराची गोष्ट कोटींची नसली तरी चाल हीच असते.

तोडलेला ऊस आणि बाजारात ठेवलेले घर

तोडलेला ऊस फडात पडून राहिला की काय होते ते आपल्याला सांगायला नको. वजन घटते आणि साखरेचा उतारा पडतो. म्हणून तोडणीनंतर चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडावा, असा आपला आग्रह असतो. विकायला काढलेल्या घराचेही तसेच आहे. पहिले दोन-तीन महिने घर ताजे असते. ज्यांना खरोखर घ्यायचे आहे असे गल्लीतले, भाऊबंदातले, शेजारगावचे लोक तेव्हाच येऊन पाहून जातात. त्या काळात भाव चुकला किंवा कागद अपुरे निघाले, तर ते लोक दुसरीकडे घर घेऊन मोकळे होतात. मागे राहतात ते नुसते चौकशी करणारे आणि आपली अडचण वाढायची वाट पाहणारे. सहा महिन्यांनी पारावर बोलणे सुरू होते: ‘ते घर? ते तर कधीचं विकायला पडलंय. काहीतरी असेल त्यात.’ मग घर चांगले असूनही त्याचा उतारा पडतो.

दुखणे कुठे आहे, ते आधी ओळखा

पीक पिवळे पडले की आपण सरसकट युरिया टाकत नाही. लोह कमी आहे, पाणी साचले आहे की मुळाला हुमणी लागली आहे, ते पाहतो. घराचेही तसेच निदान करावे. आतापर्यंत किती गिऱ्हाइके आली आणि कुठपर्यंत येऊन थांबली, एवढे एका वहीत लिहून काढावे.

गिऱ्हाईकच आले नसेल, तर एक तर भाव ऐकूनच लोक मागे फिरतात, नाहीतर घर विकायचे आहे ही बातमीच योग्य माणसांपर्यंत पोचलेली नाही.

गिऱ्हाईक आले, पाहिले, पण दुसऱ्यांदा फिरकले नाही, तर घरात दिसणारे काहीतरी आड येते आहे. गळणारे धाबे, वाळवी लागलेले खांब, गच्च भरलेली अडगळ, अरुंद बोळ, आत राहणारा भाडेकरू.

गिऱ्हाईक दोनदा आले, भाव जमत आला, इसाराची गोष्ट निघाली आणि मग गप्प झाले, तर दुखणे कागदात किंवा भाऊबंदकीत आहे हे नक्की समजावे. त्याने वकिलाला कागद दाखवले आणि वकिलाने मान हलवली, असाच याचा अर्थ.

तिन्हींवर इलाज वेगवेगळे आहेत. कागदाचे दुखणे असताना भाव उतरवला तर नुसता पैसा जातो, घर जात नाही. आणि भावाचे दुखणे असताना रंग लावला तर रंगाचा खर्च अंगावर पडतो.

कागदाचा उतारा

आपल्याकडे उतारा दोन प्रकारचा, एक साखरेचा आणि दुसरा तलाठ्याकडचा. घराच्या बाबतीत दुसराच महत्त्वाचा.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. लोक ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा दाखवतात आणि म्हणतात, ‘हे बघा, घर माझ्या नावावर.’ पण नमुना ८ हा घरपट्टी आकारणीचा कागद आहे. त्यावरून पट्टी कोण भरतो ते कळते; मालकी त्याने सिद्ध होत नाही. खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, सनद, नाहीतर सिटी सर्व्हे झालेल्या गावी मिळकत पत्रिका, यांतले काहीतरी पाहिजे. केंद्र सरकारची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. तिच्यात ड्रोनने गावठाणाची मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जातात. आपल्या गावची मोजणी झाली असेल तर पत्रिकेवर नाव, क्षेत्र आणि चतुःसीमा बरोबर आल्या की नाही ते आधी पाहावे. आजोबांचे नाव अजून तसेच असेल, तर वारसनोंदीचा अर्ज करावा. हे काम गिऱ्हाईक यायच्या आधीचे आहे. त्याला ओट्यावर बसवून करायचे नाही.

दुसरी अडचण गावाबाहेरच्या रस्त्यालगतच्या घरांची. शेतातला एक-दोन गुंठ्यांचा तुकडा स्टॅम्पवर लिहून घेतला, त्यावर घर बांधले, बिगरशेती केलेच नाही. असे घर पुन्हा विकताना तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आडवा येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये शासनाने बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरवले. त्याखालच्या शेतीच्या तुकड्याची नोंदणी अडते. २०२५ मध्ये रहिवासी व तत्सम भागातल्या जुन्या तुकड्यांना नियमित करण्याची वाट शासनाने मोकळी केली आहे. आपला तुकडा तिच्यात बसतो का, हे तहसील कार्यालयात लेखी विचारावे. तोंडी ‘होऊन जाईल’ यावर विसंबू नये.

तिसरे म्हणजे बोजा. कर्ज केव्हाच फिटले, पण उताऱ्यावर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तसाच राहिला, हे तर सर्रास. फेडीचा दाखला घेऊन बोजा कमी करून घ्यावा. आणि पूर्वी कुणाकडून इसार घेतला असेल व तो सौदा मोडला असेल, तर मोडल्याचा कागद करून ठेवावा. साठेखताप्रमाणे खरेदी करून मिळावी म्हणून दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते. जुना इसार देणारा ऐन वेळी उभा राहिला तर नवे गिऱ्हाईक एक दिवसही थांबणार नाही.

बहिणीची सही

खान्देशात घरे अडकण्याचे मोठे कारण हे, आणि त्यावर कुणी मोकळेपणी बोलत नाही. दोघे भाऊ घर विकायला निघतात. तीन बहिणींना विचारलेलेच नसते. ‘आखाजीला येतात, साडी-चोळी करतो, त्यांचं काय घरात?’ असे म्हणणारे अजून आहेत. कायदा तसे म्हणत नाही. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ मध्येच दुरुस्ती केली. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात मुलीला जन्माने मुलाइतकाच हक्क मिळाला. त्या तारखेला वडील हयात असले पाहिजेत का, हा वाद होता. तो सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटवला. वडील त्या दिवशी हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, असा तो निर्णय आहे.

तेव्हा शहाणा गिऱ्हाईक सगळ्या वारसांच्या सह्या मागणारच. त्यात त्याचा दोष नाही. बहिणीला हिस्सा द्यायचा असेल तर खरेदीखतावर तिची सही घ्यावी आणि तिचे पैसे तिच्या खात्यात जावेत. तिला खुशीने हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. साध्या कागदावरचा अंगठा चालत नाही. पण भावाने गरज सांगून, डोळ्यांत पाणी आणून घेतलेले हक्कसोडपत्र पुढे नात्याला भारी पडते, हेही ध्यानात ठेवावे. वारसांत अज्ञान मूल असेल आणि हिस्सा त्याच्या स्वतंत्र मालकीचा असेल, तर पालकाला जिल्हा न्यायालयाची आधी परवानगी घ्यावी लागते.

काही जण म्हणतात, ‘भाऊ ऐकत नाही, मी माझा अर्धा हिस्सा विकतो.’ वाटणी न झालेल्या राहत्या घराचा हिस्सा परक्याने घेतला, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला कुटुंबाबरोबर एकत्र ताबा मिळत नाही. त्याला वाटणीचा दावा लावावा लागतो, आणि तिथेही घरच्यांना तो हिस्सा वाजवी किमतीत विकत मागता येतो. असे दुखणे पैसे देऊन कोण घेईल? म्हणून अर्धे घर विकायला जाऊ नये. आधी भावालाच विचारावे. पुष्कळदा घराचे सगळ्यांत चांगले गिऱ्हाईक भिंतीपलीकडेच असते आणि अबोल्यामुळे त्याला कुणी विचारलेले नसते.

भाव: रस्त्यावरचा आणि गल्लीतला

जळगाव आणि धुळे दोन्ही शहरे सुरत-नागपूर महामार्गावर, आणि धुळ्याला तर मुंबई-आग्रा रस्ताही येऊन मिळतो. रस्ते रुंद झाले तशा काठच्या जागा वधारल्या. मग आतल्या गल्लीतला मालकही म्हणतो, ‘हायवेवर एवढा भाव झाला, माझंही तेवढंच.’ पण हायवेचे गिऱ्हाईक दुकान, हॉटेल, गोडाऊन काढणारे असते. गल्लीत ते येत नाही. धुळ्याच्या जुन्या पेठांत, कॅप्टन ब्रिग्जच्या काळापासून आखलेल्या नंबरांच्या गल्ल्यांत, तोंड अरुंद आणि खोली लांब अशी घरे आहेत. त्यांचे गिऱ्हाईक वेगळे आणि भावही वेगळा. त्यातून आत जुना भाडेकरू असेल तर रिकाम्या घराचा भाव मागून उपयोग नाही.

मग भाव काढायचा कसा? शेजारी काय म्हणतो यावर नव्हे. मागच्या वर्ष-दीड वर्षात आपल्याच गल्लीत, आपल्यासारख्याच घरांची जी खरेदीखते झाली, त्यांची सूची क्रमांक दोन दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. तीन-चार सौदे पाहिले की अंदाज येतो. त्याच्या शेजारी शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, ठेवावा. मुद्रांक शुल्क हे सौद्याची रक्कम आणि रेकनरची किंमत यांत जी जास्त तिच्यावर भरावे लागते, म्हणून गिऱ्हाईक तेही मोजत असते.

जुन्या घरात सागवान किती, हे आपण अभिमानाने सांगतो. पण गिऱ्हाईक घर पाडून स्लॅब टाकणार असेल तर तो जागेचा आणि लाकडाचा भाव वेगवेगळा करतो. आपणही तसाच हिशेब करावा. आपण त्या घरात लहानाचे मोठे झालो, त्या घरात आईने चूल मांडली, याची किंमत आपल्याला आहे. ती बाजारात मागता येत नाही.

थांबण्याचाही खर्च असतो

एक हिशेब मांडून पाहू. समजा घराला २० लाखांची मागणी आली आहे आणि आपण २४ लाखांवर अडून बसलो. आपल्यावर बारा टक्के व्याजाचे १० लाख कर्ज आहे. आज २० लाख आले तर १० लाखांचे कर्ज फिटते, म्हणजे वर्षाचे १ लाख २० हजार व्याज वाचते. उरलेले १० लाख सात टक्क्यांनी ठेवले तर ७० हजार मिळतात. घरपट्टी, धाब्याची माती, किरकोळ डागडुजी यांचे १० हजार धरा. एकूण वर्षाला २ लाख. दोन वर्षे थांबलो तर ४ लाख गेले. म्हणजे दोन वर्षांनी मिळणारे २४ लाख आणि आज मिळणारे २० लाख यांत फरक उरला नाही. आणि दोन वर्षांनी २४ मिळतीलच, याची हमी कोण देणार?

याचा अर्थ पहिल्या मागणीला घर द्यावे असा नाही. कर्ज नसेल, घराला भाडे येत असेल, तर थांबणे परवडतेही. आपापला हिशेब कागदावर मांडावा आणि मग अडून बसावे, एवढेच सांगणे.

कर्ज थकले आणि बँकच घर विकायला निघाली तर

गहाण घराचे कर्ज थकले तर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याने घर लिलावास काढू शकते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२० रोजी पांडुरंग चौगुले विरुद्ध विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँक या आपल्या राज्यातल्याच खटल्यात स्पष्ट केले. शेतजमीन या कायद्याबाहेर आहे. घर बाहेर नाही. मात्र सहकारी संस्थेची वसुली सहकार कायद्याच्या कलम १०१ व १५६ खालीही होते, म्हणून शेतजमिनीला कधीच हात लागत नाही असे समजून बसू नये.

सरफेसीच्या लिलावात पहिल्या वेळी तीस दिवसांची नोटीस असते. तो लिलाव फुकट गेला तर पुढच्या वेळी पंधरा दिवसांचीच. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वी सारी थकबाकी भरली तर घर सोडवता येते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो हक्क नोटिशीनंतर राहत नाही. म्हणून ताब्याची नोटीस आली की दाराआड बसू नये. आपणच चांगले गिऱ्हाईक शोधून बँकेकडे न्यावे. लिलावात पडलेल्या भावापेक्षा ते पुष्कळदा बरे पडते.

आणि घर विकले जात नाही म्हणून सावकाराला ‘नावापुरते’ खरेदीखत करून देणे तर कदापि नको. ‘पैसे दिले की परत करून देतो’ हे तोंडी वचन नोंदणी कार्यालयात कुणी विचारत नाही. असे आधीच झाले असेल तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो.

पुन्हा बाजारात आणताना

अडकलेले घर पुन्हा काढायचे तर तीच जुनी पाटी पुसून पुन्हा लावण्यात अर्थ नाही. खालील क्रमाने करावे.

१. घर एक-दोन महिने बाजारातून काढून घ्यावे. पाटी उतरवावी, मोबाईलवर फिरणारे जुने फोटो आणि जुना भाव थांबवावा. दलालांना स्पष्ट सांगावे, ‘सध्या विकायचे नाही.’

२. येऊन गेलेल्यांपैकी चार-पाच जणांना भेटून सरळ विचारावे, ‘भाऊ, राग नाही, पण का नाही घेतलं ते सांगा.’ आता सौदा नसल्याने लोक खरे बोलतात.

३. सर्व वारसांची बैठक घ्यावी. बहिणींनाही बोलवावे. सांगायचा भाव, त्याखाली जायचे नाही तो भाव, आणि बोलणी कोण करणार तो एकच माणूस, या तीन गोष्टी लिहून सह्या घ्याव्यात. एक भाऊ बावीस सांगतो आणि दुसरा मागच्या दाराने एकोणीस, अशा घराला गिऱ्हाईक पंधरालाच मागणार.

४. कागदांची एक फाईल करावी: मालकीचा कागद, मिळकत पत्रिका किंवा नमुना ८, चालू घरपट्टी व वीजबिलाच्या पावत्या, बोजा नसल्याचा दाखला, वारसनोंद, वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. फाईल तयार असली की गिऱ्हाइकाचा विश्वास अर्धा तिथेच बसतो.

५. डागडुजी बेताची करावी. धाबे गळते ते थांबवावे, अडगळ काढावी, जाळी झटकावी, नळ आणि दिवे चालू ठेवावेत. पाडायच्याच घराला ऑइलपेंट लावू नये. जे खराब आहे ते लपवू नये. पहिल्या पावसात ते बोलतेच.

६. वेळ साधावी. आपल्याकडे कापसाचे, उसाचे, केळीचे पैसे हाती आले की लोक घर पाहायला निघतात. दिवाळीनंतर ते आखाजीपर्यंतचा काळ बरा. पितृपक्षात आणि झडीच्या पावसात घर दाखवून उपयोग नाही. उन्हाळ्यात दाखवायचे तर सकाळी दाखवावे. आपल्या धाब्याच्या घराचा गारवा बैठकीत बसल्यावर आपोआप कळतो.

७. नवा भाव एकदाच आणि नीट विचार करून ठरवावा, खऱ्या सौद्यांच्या जवळपास. दर महिन्याला पंचवीस हजार उतरवण्यापेक्षा सुरुवातीलाच योग्य भाव सांगून त्यावर ठाम राहिलेले बरे.

८. दलाल एकच ठेवावा, त्याची दलाली आधी ठरवावी, आणि मुदत घालावी. पण त्याच्या आधी शेजारी, भाऊबंद आणि गल्लीतला दुकानदार यांना स्वतः जाऊन सांगावे.

९. व्यवहार बँकेतून करावा. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास १ जून २०१५ पासून बंदी आहे, आणि घेतली तर तितकाच दंड बसू शकतो. इसार लेखी घ्यावा आणि त्यात मुदत घालावी. पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय खरेदीखतावर सही आणि घराची किल्ली देऊ नये. घराच्या नफ्यावर आयकर लागतो, तो शेतीच्या उत्पन्नासारखा माफ नाही. नफा दुसऱ्या घरात मुदतीत गुंतवला तर सवलत मिळते, म्हणून सौद्याआधी कर सल्लागाराला विचारावे.

एवढे करूनही घर लगेच जाईलच असे नाही. ओसाड होत चाललेल्या गावात घेणाराच कमी असतो, तिथे कागद सोन्याचे असले तरी गिऱ्हाईक जन्माला घालता येत नाही. अशा वेळी गावातल्या शिक्षकाला, दूध डेअरीला, बचत गटाला, नाहीतर तोडणी मुकादमाला हंगामापुरते भाड्याने देणे बरे. मात्र भाडेकरार लेखी आणि नोंदणी करूनच द्यावे, म्हणजे पुढे विकताना नवा अडथळा उभा राहणार नाही. बंद घर वाळवी खाते. राहते घर टिकते, आणि पाहायला आलेल्या माणसालाही राहते घर आवडते.

यंदाचा हंगाम सुरू होण्याआधी, शेतीकामांतून एक सवडीचा दिवस काढून, सभासद बंधूंनी पेटीतले कागद बाहेर काढावेत. कुणाचे नाव आहे, कुणाचे राहून गेले आहे, बोजा कुणाचा आहे, एवढे पाहावे. घर आज विकायचे नसले तरी हे काम वाया जाणार नाही. उद्या विकायची वेळ आलीच, तर ती गरजेच्या घाईत येऊ नये, आणि आपल्या वाडवडिलांच्या घराचा योग्य मोबदला भाऊ-बहिणी सगळ्यांच्या पदरात पडावा.